मातीखालची बैलजोडी

पाच-सहा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, एक आजोबा आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत किलोभर काळी माती. नमुना त्यांनी अगदी रीतसर घेतला होता. शेतात नागमोडी चालत दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती काढायची, घमेल्यात कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि शेवटी अर्धा-एक किलो उरवायची, हे सगळे त्यांनी केले होते. पंधरा दिवसांनी ते अहवाल न्यायला आले तेव्हा मी एकेक आकडा वाचून दाखवला. सामू ८.२, क्षारता ठीक, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के म्हणजे कमी, पालाश भरपूर, जस्त कमी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्याडम, बाकीचं ऱ्हाऊ द्या. माती जित्ती हाय का मेलीया, तेवढं सांगा.”

मला उत्तर देता आले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून शेतकऱ्यांना जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यावर बारा गोष्टींची नोंद असते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीत कोण राहते, ते धडधाकट आहे का, त्याला खायला मिळते का, हे यातला एकही रकाना विचारत नाही. सेंद्रिय कर्बाचा आकडा त्यातल्या त्यात जवळचा. पण तो गंजीत वैरण किती उरली ते सांगतो; दावणीला जनावर आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. आजोबांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि ते गेले. त्यांचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. हे पुस्तक त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिले आहे.

आधी त्या ‘जित्त्या’ गोष्टीचा आकार समजून घेऊ. एका एकरातल्या वीतभर थराचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के धरला तर त्यात ३,६०० किलो कर्ब आला. त्यातला दोन-तीन टक्के कर्ब जिवंत सूक्ष्मजीवांच्या अंगात असतो, म्हणजे ७० ते १०० किलो. पेशीच्या कोरड्या वजनात सुमारे निम्मा कर्ब असतो, आणि ओल्या पेशीत तीन चतुर्थांश तरी पाणी. हा हिशेब पुरा केला की एकरी ६०० ते ८०० किलो जिवंत वजन हाती येते. एखाद्या मध्यम बैलजोडीचे वजन एवढेच असते. म्हणजे ज्या रानाच्या अहवालावर आम्ही ‘कर्ब कमी’ असा शेरा मारतो, त्या रानातही प्रत्येक एकराखाली एक बैलजोडी उभी आहे.

ही जोडी चिमटीत मावणाऱ्या मातीत कोट्यवधींच्या संख्येने विखुरलेली आहे. तिच्यात हजारो जातींचे जिवाणू आहेत, बुरशीचे मीटरच्या मीटर लांबीचे धागे आहेत, आणि या सगळ्यांना खाऊन जगणारे एकपेशीय जीव व सूत्रकृमीही आहेत. कुणी काडीकचऱ्याचे तंतू तोडतो, कुणी प्रथिने फोडून अमोनिया मोकळा करतो, कुणी त्या अमोनियाचे नायट्रेट करतो. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतले रायझोबियम हवेतला नत्र पिकाला मिळवून देते. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत अडकून बसलेला स्फुरद सोडवतात. ज्वारी, ऊस, कापूस, कांदा यांच्या मुळांत शिरणारी मायकोरायझा बुरशी मुळांचा हात लांबवते आणि दूरचा स्फुरद आणून देते. कांद्याच्या मुळांना केसमुळे जवळपास नसतातच, म्हणून कांद्याला या बुरशीची गरज जास्त. आणि हे सगळे जीव जगताना जो चिकट द्रव सोडतात, त्यानेच मातीचे कण एकमेकांना धरून राहतात.

पण यातले बहुतेक जीव बहुतेक वेळ निपचित पडून असतात, कारण त्यांना पोटभर मिळत नाही. सेंद्रिय खतांकडे या बाजूने पाहायला हवे, हेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. शेणखत, कंपोस्ट, पाचट, ताग, पेंड हे सारे पिकाचे अन्न होण्याआधी मातीतल्या जिवांची वैरण असते. ती त्यांनी खाल्ली, पचवली, ते जगले आणि मेले, म्हणजे मग पिकाच्या वाट्याला येते. म्हणून कोणतेही खत हातात घेतले की त्यात नत्र, स्फुरद, पालाश किती हे विचारावे, आणि त्याबरोबर हे कोण खाणार, किती दिवसांत खाणार आणि खाताना त्याला आणखी काय लागणार, हेही विचारावे.

हा दुसरा प्रश्न न विचारल्याने काय होते, ते एका साध्या हिशेबात दिसते. शेणखतात नत्र सरासरी अर्धा टक्का असतो. एकरी पाच टन शेणखत घातले की २५ किलो नत्र गेला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतो. म्हणजे पाच टन शेणखत आणि सव्वा गोणी युरिया यांची बरोबरी झाली. शिवाय शेणखतातला नत्र पहिल्या हंगामात साधारण एक तृतीयांशच हाती लागतो. ट्रॅक्टरचे भाडे, भरण्या-विस्कटण्याची मजुरी आणि शेणखताची आजची किंमत धरली, तर कोणताही व्यवहारी माणूस गोणीच उचलेल. आपल्याकडे गेली पन्नास वर्षे हेच झाले. या हिशेबात चूक नाही, पण तो अर्धाच आहे. त्या पाच टनांत पाचशे-सहाशे किलो कर्बही असतो, तीच मातीतल्या बैलजोडीची वर्षाची वैरण. सव्वा गोणी युरियात ती नाही. हा दुसरा रकाना आपण कधी मांडलाच नाही.

तो रकाना मांडणारी माणसे आपल्याजवळच होऊन गेली. १९०५ मध्ये हिंदुस्थानात आलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये वनस्पती उद्योग संस्थेत काम करत होते. तिथे शेण, काडीकचरा, राख आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती यांचे थर लावून खत कुजवण्याची जी रीत बसली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ मध्ये तिच्यावर जे पुस्तक निघाले त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड यांचे नाव आज सगळीकडे घेतले जाते, वाडांचे फारसे कुणी घेत नाही. म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवते. या पद्धतीत ढीग तीन वेळा उलथावा लागतो आणि तीन महिन्यांत खत तयार होते. उलथणे हवेसाठी, पाणी ओलाव्यासाठी, राख आणि माती आम्लता आवरण्यासाठी. प्रत्येक गोष्ट जिवांच्या गरजेची. पहिल्या काही दिवसांत ढिगाचे तापमान साठ अंशांच्या वर जाते, त्यात तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. ढीग तापणे म्हणजे कोट्यवधी जीव एकाच वेळी जेवत असणे.

मुताने भिजलेल्या मातीचा मुद्दाही लक्षात घ्यावा असा आहे. जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा, कित्येकदा निम्म्याहून अधिक, मुतातून जातो. आपण शेण गोळा करतो आणि मूत गोठ्याबाहेर वाहू देतो. शेतात मेंढरे बसवण्याचे मोल त्यामुळेच जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. दसरा-दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगर आजही रात्री रानात कळप बसवतात आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशात घेतात. लेंडी आणि मूत दोन्ही थेट मातीत मुरतात, मध्ये ना उकिरडा, ना गाडी.

आता वैरणीचे प्रकार. जनावराला हिरवा चारा, कडबा आणि पेंड यांचा फरक कळतो, तसाच मातीतल्या जिवांनाही कळतो. हा फरक कर्ब आणि नत्राच्या प्रमाणाचा. जिवाणूच्या अंगात आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो. खाल्लेल्या कर्बाचा बराचसा भाग श्वासावाटे निघून जातो, म्हणून त्याला साधारण चोवीस-पंचवीस भाग कर्बामागे एक भाग नत्र असलेले अन्न नेमके पुरते. चांगल्या शेणखताचे आणि कोवळ्या तागाचे प्रमाण याच्या जवळपास असते. उसाच्या पाचटाचे मात्र शंभराच्या आसपास. पाचट नुसतेच मातीत घातले तर जिवाणू कर्ब पाहून वाढतात, पण नत्र कमी पडला की तो मातीतून ओढून घेतात. पीक पिवळे पडते. शेतकरी म्हणतो, पाचटाने जमीन खराब केली, आणि पुढच्या वर्षी काडी लावतो.

उसाच्या पट्ट्यात हे मी फार वेळा पाहिले आहे, म्हणून हिशेब जवळून मांडते. खोडव्यात पाचट कुजवण्यासाठी टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी शिफारस आहे. एका टन पाचटात चारशे किलोंहून थोडा जास्त कर्ब आणि चारेक किलो नत्र असतो. आठ किलो युरियातून आणखी पावणेचार किलो नत्र मिळतो. म्हणजे शंभराचे प्रमाण पन्नाशीवर आले. कडब्यावर पेंडीचे पाणी शिंपडून तो जनावराला घालावा, तसे हे झाले. बाकीचे काम ओलावा आणि वेळ करतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एका संध्याकाळी पेटवले की त्यातला जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्र धुरावाटे जातो. राखेत पालाश आणि स्फुरद तेवढे उरतात. बैलजोडीची वर्षाची वैरण आपण आपल्या हाताने पेटवतो.

तागाची गोष्ट उलटी. पेरणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येताना गाडला तर तो दोन-तीन आठवड्यांत विरघळतो आणि जिवांची संख्या झपाट्याने वाढते. पण ही वाढ फार दिवस टिकत नाही. चारा संपला की संख्याही उतरते. उशिरा, खोड लाकडासारखे झाल्यावर गाडला तर तो पाचटाच्या वाटेने जातो. पूर्ण कुजलेले कंपोस्ट तिसऱ्या प्रकारचे. त्यातला सोपा घास ढिगातल्या जिवांनी आधीच खाल्लेला असतो. ते हळू खर्च होते, संख्या थोडी वाढवते, पण मातीची घडण दीर्घकाळ टिकवते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग थांबवले. शंभर वर्षांनंतरही त्या तुकड्यात, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा सेंद्रिय पदार्थ जास्त होता. निंबोळी पेंडीची चाल आणखी वेगळी. ती काही जिवांना अन्न देते, पण अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालते, आणि त्यामुळेच नत्र सावकाश मिळत राहतो. २०१५ पासून युरियाला निंबोळीचा लेप बंधनकारक झाला, त्यामागे हाच विचार आहे. ‘सेंद्रिय घातले की जिवाणू वाढतात’ एवढे मोघम वाक्य म्हणूनच पुरत नाही. कोणते घातले, कोणते जिवाणू वाढले आणि किती दिवस, ते पाहावे लागते.

वेळेचे भान यातूनच येते. उन्हाळ्यात माती तापून कोरडी होते, तेव्हा असंख्य जीव मरतात. मृगाची पहिली सर पडली की उरलेले जीव त्यांच्या मृत शरीरांवर तुटून पडतात आणि चार-आठ दिवसांत नत्राची एक लाट मोकळी होते. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे दाखवले, पण वाफशावर पेरणी साधायची आपली घाई ही लाट पिकाला मिळवून देण्याचीच युक्ती होती. पहिल्या पावसाचा तो मातीचा वासही स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिऑस्मिन या द्रव्याचा.

याच दिवसांत आपण एक मोठी चूक करतो. एप्रिलमध्ये शेणखत रानात नेतो, दर दहा पावलांवर ढिगारे टाकतो आणि महिना-दीड महिना तसेच सोडतो. अशा ढिगाऱ्यात मे महिन्यात हात घालून पाहा. वरचा थर भुश्शासारखा हलका, कोरडा आणि बिनवासाचा होतो. नत्राचा अमोनिया उडून गेलेला असतो, जीव वाळून गेलेले असतात. वर्षभर गोठा झाडून जमवलेले धन आपण उन्हात सांडतो. खत उशिरा न्यावे, नेले त्याच दिवशी विस्कटून वखराने मातीआड करावे, नाहीतर ढीग सावलीत ओल्या पाल्याखाली झाकावा. याला पैसा लागत नाही. अर्धवट कुजलेले खत रानात नेले तर त्याच्यासोबत हुमणीही जाते, हे अनुभवी शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

वैरण झाली, आता गोठा. जिवांना अन्नाबरोबर हवा, ओलावा आणि मानवेल असा सामू लागतो. कृष्णाकाठच्या चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जीव गुदमरतात. तिथे कितीही शेणखत ओतले तरी निचरा काढून, जिप्सम देऊन, कॅल्शियमने सोडियमला बाहेर काढल्याशिवाय ते लागू पडत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू कमी. तिथे चुना दिला की नत्राचे काम करणारे जिवाणू हुशारतात. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्याची कोकणातली जुनी रीतही थेट या जिवांशी जोडलेली आहे. वरच्या थरातले काही जीव आणि तणाचे बी उष्णतेने मरते, त्यांच्या अंगातला नत्र मोकळा होतो आणि कोवळ्या रोपाला एक जोर मिळतो. पण त्यासाठी डोंगरउतारावरचा पालापाचोळा आणि फांद्या जाळाव्या लागतात, हा तोटाही या पुस्तकात मांडला आहे. काळ्या रानात सर्वांत मोठा शत्रू पाटाचे अनिर्बंध पाणी. पाणी साचले की हवा संपते, आणि काही जिवाणू हवेऐवजी नायट्रेट वापरून श्वास घेतात. पिकासाठी घातलेला नत्र वायू होऊन उडून जातो. वाफसा नसेल तर उत्तम खतही फुकट जाते.

रासायनिक खतांनी जमीन मेली, असे आज सर्रास म्हटले जाते. या बाबतीत मी वाचकाशी प्रामाणिक राहायचे ठरवले आहे. जगभरातल्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा कोणतेच खत न घातलेल्या तुकड्यांपेक्षा रासायनिक खत घातलेल्या तुकड्यांत सूक्ष्मजीवांचे वजन सरासरी १५ टक्के जास्त आढळले. कारण सोपे आहे. पीक जोमदार आले की मुळे वाढतात, आणि मुळे ही देखील वैरणच. नुकसान होते ते एकाच खताच्या माऱ्याने आणि आम्ल जमिनीत. हिमाचलातल्या पालमपूरच्या प्रयोगात वर्षानुवर्षे नुसता नत्र दिलेल्या तुकड्याची माती इतकी आम्ल झाली की पीक येणेच थांबले. याउलट, आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला ज्वारी-गव्हाचा प्रयोग आणि देशभरातले तसले प्रयोग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात: संतुलित खते आणि त्यांच्या जोडीला शेणखत, या तुकड्यात पीकही सर्वांत चांगले आणि मातीतले जीवही. पूर्ण सेंद्रिय शेतीत जीव जास्त असतात, हेही तितकेच खरे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या प्रयोगात सेंद्रिय तुकड्यांत मुळांवरची मायकोरायझा ४० टक्के जास्त होती, गांडुळेही कितीतरी अधिक होती. उत्पन्न मात्र सरासरी २० टक्के कमी आले. या दोन्ही बाजू समोर ठेवून प्रत्येकाने आपल्या रानाचा, कर्जाचा आणि बाजाराचा विचार करून ठरवावे. गोणी पूर्ण सोडा असे मी कुणाला सांगत नाही. वैरण बंद करू नका, एवढेच मी हट्टाने सांगते.

तितकाच हट्ट बाटल्या आणि पिंपांच्या बाबतीत आहे. जिवाणू खत हे जिवंत असते. तापलेल्या पत्र्याच्या दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या पुड्यात बहुधा भुकटीच उरते. शिवाय गट जुळावा लागतो: हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. काम होते की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक झाड मुळासकट हळूच उपटा, मुळे धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसले तर गाठ नत्र बांधते आहे. पांढरट किंवा हिरवट दिसली तर नाही. नत्र भरमसाट दिलेल्या रानात गाठी मोजक्याच सापडतील, कारण आयते मिळत असताना झाड त्या जिवाणूंना पोसत नाही.

जीवामृताचेही तसेच. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि मूठभर माती यांतून जे तयार होते त्यात जीव असतात, यात शंका नाही. पण एकराखाली आधीच सहाशे किलो जीव उपाशी बसले असताना त्यात पिंपभर पाहुण्यांची भर घातली, तर त्यांनी खायचे काय? सुभाष पाळेकरांनी जीवामृताबरोबर आच्छादन आणि वाफसा हेही खांब सांगितले होते. अनेकांनी पिंप घेतले आणि आच्छादन सोडले. झाकलेल्या, ओलसर, पालापाचोळ्याने भरलेल्या रानात जीवामृताला अर्थ आहे. उघड्या, भेगाळलेल्या रानात तोच खर्च मातीत जिरून जातो.

‘सेंद्रिय’ या शब्दाने सगळेच निर्मळ होत नाही, यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. शहराच्या न निवडलेल्या कचऱ्यापासून केलेल्या खतात जड धातू येऊ शकतात, कोंबडीखतात क्षार आणि प्रतिजैविकांचे अवशेष. इंग्लंडमधल्या वोबर्न इथे सांडपाण्याचा गाळ १९४२ ते १९६१ या काळात शेतात घातला गेला. पुढे कित्येक वर्षांनी असे दिसले की त्या मातीतल्या धातूंमुळे पांढऱ्या क्लोव्हरच्या गाठी नत्र बांधेनाशा झाल्या. जिवांना वाढवायला आणलेल्या पदार्थानेच जीव मारले. विकतचे खत घेताना ते कशापासून केले आहे हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

या पुस्तकातली प्रकरणे वर सांगितलेल्या क्रमानेच येतात: आधी जीव, मग वैरण, मग गोठा, मग धोके. घाई असलेल्या शेतकऱ्याने पाचट आणि शेणखताची प्रकरणे आधी वाचावीत. विद्यार्थ्याने पहिल्यापासून वाचावे. हे लिहिताना ज्यांनी आपल्या रानात मला खड्डे घेऊ दिले, चुकलेले प्रयोगही न लपवता दाखवले, त्या शेतकरी बंधुभगिनींची मी ऋणी आहे. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी सुटीच्या दिवशीही नमुने सांभाळले, त्यांचीही.

शेवटी दोन मागण्या. पहिली शासनाकडे आणि कृषी विद्यापीठांकडे. मृदा आरोग्य पत्रिकेवर तेरावा रकाना हवा, मातीच्या श्वासाचा. ओली माती बंद बरणीत ठेवायची, आत अल्कलीची छोटी कुपी ठेवायची, आणि चोवीस तासांत तिने किती कार्बन डायऑक्साइड शोषला ते मोजायचे. पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, कोणत्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेला जमेल अशी आहे.

दुसरी मागणी तुमच्याकडे. तो रकाना येईपर्यंत तुमचा तुम्ही भरा. मी गेल्या पावसाळ्यात एकाच रानात मांजरपाटाचे दोन वीतभर तुकडे पुरले. एक बांधाला कडुनिंबाखाली, जिथे पाला पडतो आणि नांगर जात नाही. दुसरा रानाच्या मधोमध. दोन महिन्यांनी उकरले. बांधाजवळच्या तुकड्याची शिवण आणि चार धागे तेवढे उरले होते. मधला तुकडा धुऊन पुन्हा वापरता आला असता. कापूस म्हणजे निव्वळ कर्ब. तो खाणारे जिथे होते तिथे त्यांनी तो खाल्ला. या जूनमध्ये तुम्हीही असे दोन तुकडे पुरा, खुणेची काठी रोवा, वहीत तारीख लिहा आणि पोळ्याच्या आसपास उकरून पाहा. मधला तुकडा जसाच्या तसा निघाला तर येत्या हंगामात पाचटाला काडी लावू नका, शेणखत उन्हात टाकू नका, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा एक तुकडा पुरा.